सोडायचं कुठे?

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. कुंडीमागे दबकून बसलेलं काहीतरी, बाथरूमच्या जाळीतून आत आलेलं काहीतरी, तुळशीच्या ओट्याखाली सळसळत गेलेलं आणि म्हणून फोटोत निम्मंच आलेलं काहीतरी. माझी उमेदीची सगळी वर्षं नाशिकमध्ये प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली. त्यामुळे जुने विद्यार्थी, त्यांचे आईवडील, त्यांच्या सोसायटीतले शेजारी असा हा गोतावळा वाढत गेला आहे. गंगापूर रोड, इंदिरानगर, मखमलाबाद, नाशिकरोड, जिथे म्हणून थोडी माती उघडी उरली आहे तिथून फोटो येतात. सोबतचे प्रश्न बहुतेक दोनच. विषारी आहे का? आणि सोडायचं कुठे?

पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच असतं. दुसऱ्या प्रश्नाशी मात्र मी थांबते. विचारणाऱ्याच्या मनात दया असते. झाडू उचलायच्या ऐवजी त्यानं फोन उचललेला असतो, आणि त्याचं मोल मला फार वाटतं. पण त्या प्रश्नात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते, की हा जीव इथला नव्हे. वाट चुकून तो बागेत आला आहे, त्याचं खरं घर पाण्यात आहे, नाहीतर रानात, नाहीतर गंगेवर, आणि तिथे त्याला पोचवणं आपलं काम आहे. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. पिशवीत घातलेला बेडूक गंगेवर नेऊन सोडला की पुण्य पदरी पडलं असं मानणारी फार चांगली माणसं मी पाहिली आहेत.

तो जीव बहुधा घरीच असतो, हे मला सांगायचं आहे. आणि ते ठामपणे सांगता यावं म्हणून आधी तो कोण आहे हे नीट पाहायला हवं.

गेल्या ऑक्टोबरात आलेला एक फोटो मात्र नाशिकचा नव्हता. माझी भाची इंग्लंडमध्ये शेफील्डला राहते. घरामागे तिची लहानशी बाग आहे. हिवाळ्याआधीची आवराआवर करताना तिनं जुनी, मातीत अर्धी रुतलेली फरशी उचलली आणि खाली हे दिसलं. ओल्या मातीवर चार पायांचा, शेपटीचा, करड्या-तपकिरी रंगाचा बोटभर जीव, अंग थोडं वाकवून पडलेला.

“मावशी, ही पाल आहे का गं? अजिबात हलत नाहीये. गारठलीय बहुतेक.”

नाशिकला वाढलेल्या कुणालाही पालच आठवली असती. आपल्याकडे चार पाय आणि लांब शेपूट म्हटलं की तो सरपटणाऱ्यांपैकीच कुणीतरी निघतो. पाल, सरडा, सापसुरळी, क्वचित घोरपड. उभयचरांचे जगात तीन गट आहेत. एक बेडूक आणि भेकांचा (भेक म्हणजे अंगणात दिसणारे, अंगावर गाठी असलेले बेडकाचे भाऊबंद), दुसरा सह्याद्रीच्या ओल्या मातीत राहणाऱ्या बिनपायांच्या देवगांडुळांचा आणि तिसरा शेपटीवाल्यांचा, म्हणजे सॅलमँडर आणि न्यूट यांचा. पहिले दोन आपल्या महाराष्ट्रात आहेत. तिसरा नाही. भारतात तो फक्त पूर्व हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत भेटतो. म्हणून माझ्या कित्येक विद्यार्थ्यांनी न्यूट पाहिला तो बरणीतल्या फॉर्मलिनमध्ये, पांढरा पडलेला, आणि परीक्षेत त्याची आकृती काढली.

मी तिला म्हटलं, हात लावू नकोस, नुसती खाली वाक आणि मी विचारते ते बघून सांग. पायांना नखं आहेत का?

“नाहीत. बोटं नुसती गोल टोकांची आहेत.”

पुढच्या पायाला बोटं किती?

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “चार. मागच्याला पाच.”

कानाचं छिद्र?

“कुठेच नाही.”

खवले?

“नाहीत. पण मावशी, हा ओलाही दिसत नाही. कोरडाच आहे. उभयचर ओले असतात ना?”

तिचा हा शेवटचा प्रश्न मला फार आवडला, कारण घोळ होतो तो नेमका इथेच. आणि घोळ इंग्लंडमध्ये होतो तसाच नाशिकमध्येही होतो, फक्त उलट्या बाजूनं.

आपली सापसुरळी बघा. पावसाळी उन्हात ती फरशीच्या कडेला येऊन बसते तेव्हा नुकतीच तेलातून काढल्यासारखी चकाकते. पाहणाऱ्याची खात्री पटते की ही ओली आहे, गिळगिळीत आहे. प्रत्यक्षात ती ठणठणीत कोरडी असते. तिच्या अंगावर घट्ट, गुळगुळीत, एकमेकांवर चढलेले खवले असतात आणि त्यांच्यावरून ऊन घरंगळतं म्हणून ती ओली भासते. बारीक नखं असतात, चारही पायांना पाच-पाच बोटं असतात, डोळ्यामागे कानाचं छिद्र असतं. ऊन तिला हवं असतं, कारण त्यावरच तिचं शरीर तापतं. याच्या उलट न्यूट. पाण्यात असतो तेव्हा त्याची कातडी पातळ आणि तुकतुकीत असते, पण जमिनीवर राहायला आला की तीच कातडी निस्तेज, किंचित खरखरीत होते, पाणी सहजी धरत नाही, आणि पाहणाऱ्याला तो कोरडा सरडाच वाटतो. जो ओला दिसतो तो सरपटणारा आणि जो कोरडा दिसतो तो उभयचर, असा हा उफराटा मामला आहे. म्हणून नुसत्या चकाकीवर कधी जाऊ नये. नखं, बोटं, कान आणि खवले यांनी माझा आजवर घात केलेला नाही. चालही उपयोगी पडते. सापसुरळीला चाहूल लागली की ती दिसेनाशी होते. न्यूट एक पाय, मग दुसरा पाय, असा विचार करत निघतो, आणि पुष्कळदा निघतच नाही.

बोटांच्या बाबतीत एक गोष्ट मला वर्गात सांगायला नेहमी आवडायची. पुढे चार, मागे पाच हा हिशेब आपल्या अंगणातल्या भेकाचाही आहे. रात्री दिव्याखाली किडे टिपायला बसलेला नाशिकचा भेक आणि शेफील्डच्या फरशीखालचा न्यूट यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, दिसण्यात दोघांत काडीचं साम्य नाही, पण दोघांनीही पुढच्या पायाची चारच बोटं ठेवली. पालीशी न्यूटचं कितीही साम्य वाटलं तरी खरा नातेवाईक भेक आहे.

शेपटीचंही असंच. पाल संकटात शेपूट टाकून पळते, पुढे नवी येते, पण त्या नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची एक नळी असते. न्यूट शेपूट अशी टाकून देत नाही, पण ती किंवा पाय तुटला तर तो पुन्हा घडवतो, आणि हाडं, स्नायू, नसा यांच्यासकट घडवतो. इटलीच्या लाझारो स्पालान्झानी यांनी १७६८ मध्ये सॅलमँडरचे पाय पुन्हा उगवताना पाहून नोंदवून ठेवले. न्यूट डोळ्यातलं भिंगसुद्धा नव्यानं तयार करतो. हे आज जगभरच्या प्रयोगशाळा अभ्यासत आहेत, आणि तोच प्राणी कुणाच्या तरी बागेतल्या फरशीखाली झोपलेला असतो.

तर पाल नव्हे, न्यूट, एवढं ठरलं. लगेच पुढचा प्रश्न आला. तोच, जो दर पावसाळ्यात येतो.

“मग पाण्यात सोडू ना त्याला? इथे जवळच पार्कात तळं आहे.”

न्यूटचं वर्ष कसं जातं ते एकदा समजलं की याचं उत्तर आपोआप मिळतं. इंग्लंडात साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, पारा पाच अंशांच्या वर चढलेल्या ओल्या रात्री, न्यूट तळ्याकडे निघतात. वसंत आणि उन्हाळ्याची सुरुवात पाण्यात जाते. मादी बेडकीसारखा अंड्यांचा पुंजका टाकत नाही. ती एकेक अंडं पाणवनस्पतीच्या पानावर ठेवते आणि मागच्या पायांनी ते पान दुमडून अंड्यावर घडी घालते. अशी शेकडो अंडी, शेकडो घड्या. पिल्लांच्या मानेपाशी पिसांसारखे कल्ले असतात, आणि त्यांना पुढचे पाय आधी फुटतात. बेडकाच्या पिल्लाला मागचे आधी दिसतात. उन्हाळा संपता संपता कल्ले जातात आणि पिल्लं पाण्याबाहेर येतात. मग पुढची दोन-तीन वर्षं, वयात येईपर्यंत, बहुतेक पिल्लं जमिनीवरच राहतात. मोठेही विणीचा काळ संपला की बाहेर पडतात. दिवसा दगड, ओंडके, पालापाचोळा यांखाली दडायचं, रात्री गोगलगायी, गांडुळं, किडे खायचे, आणि ऑक्टोबरच्या आसपास दंव न पोचणारी एखादी ओलसर फट गाठून हिवाळा काढायचा.

म्हणजे पाणी ही त्याची लग्नाची आणि बाळंतपणाची जागा. राहायचं घर जमिनीवर आहे. तो फरशीखाली अडकलेला नव्हता. हिवाळा काढायला त्यानं ती फरशी निवडली होती. ऑक्टोबरात त्याला उचलून थंड तळ्यात टाकणं म्हणजे झोपलेल्या माणसाला अंथरुणातून काढून गावाबाहेर ठेवून येणं.

दूर नेऊन सोडल्यानं काय होतं याचा एक जुना अभ्यास आहे. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व्हिक्टर ट्विटी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या लाल पोटाच्या न्यूटांना खुणा करून त्यांच्या ओढ्यापासून कित्येक किलोमीटर दूर, डोंगरापलीकडच्या दुसऱ्या ओढ्यांत सोडलं. तिथेही पाणी होतं, जोडीदार होते, खाणं होतं. तरीही त्यातले पुष्कळ न्यूट पुढच्या वर्षांत डोंगर चढून-उतरून आपल्या मूळ ओढ्याला परतले. बोटभर जीव, मुंगीच्या वरताण संथ चाल, आणि मध्ये अख्खा डोंगर. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून ‘चांगल्या जागी सोडून आलो’ हे वाक्य मला सहजपणे ऐकता येत नाही. ज्या जागेला आपण चांगली म्हणतो तिची वाट त्या जिवाला ठाऊक नसते. आणि एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात नेताना त्याच्या कातडीवरचे रोगही जातात. युरोपातल्या फायर सॅलमँडरांचा फडशा पाडणारी एक बुरशी २०१३ मध्ये ओळखली गेली, तेव्हापासून तिकडचे अभ्यासक एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना आपले बूटसुद्धा धुऊन घेतात.

भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे मी फक्त फरशी परत ठेवायची?” हो, पण कशी ठेवायची तेही महत्त्वाचं. दगड सरळ त्याच्यावर टेकवला तर तो चेंगरेल. आधी जीव किंचित बाजूला घ्यायचा, फरशी होती तशी बसवायची, आणि मग त्याला कडेशी ठेवायचं. तो आपणहून आत शिरतो. हात लावायचाच असेल तर पाण्यानं ओला करून. सॅनिटायझर लावलेला, क्रीम चोपडलेला हात उभयचराच्या कातडीला भाजतो, कारण ती कातडी श्वास घेते, पाणी पिते. तिनं तसंच केलं. फरशीच्या कडेला ठेवल्यावर पुष्कळ वेळ तो नुसता बसून होता, आणि ती चहाचा कप ठेवून येईपर्यंत आत गेला होता.

मग संध्याकाळी निवांत बसून आम्ही दोघींनी जात ठरवायचा प्रयत्न केला. ब्रिटनमध्ये मूळचे न्यूट तीनच. ग्रेट क्रेस्टेड, स्मूथ आणि पामेट. पाण्यात, वसंतात, नरांना ओळखणं सोपं असतं, कारण झालरी, पडदे, रंग असा सगळा साज चढलेला असतो. जमिनीवर आला की तो साज उतरतो. नर-मादी दोन्ही तपकिरी, साधे.

ग्रेट क्रेस्टेड नाही हे फोटोवरून कळत होतं. तो पंधरा सेंटीमीटरच्याही पुढे जातो, जवळजवळ काळा दिसतो, कातडी दाणेदार, कुशीवर पांढऱ्या बारीक ठिपक्यांचा शिडकावा, आणि पोट भडक नारिंगी, त्यावर काळे डाग. हे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात. अभ्यासक पोटाचे फोटो ठेवून तोच न्यूट वर्षानुवर्षं ओळखतात. या जातीचं एक दुःख असं आहे की तिच्या अंड्यांपैकी साधारण निम्मी वाढीच्या वाटेवरच मरतात. पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या दोन वेगवेगळ्या प्रती मिळाल्या तरच पिल्लू जगतं, दोन सारख्या मिळाल्या तर नाही. आणि इतकी किंमत मोजून उरलेल्या जातीची तळी बुजवली गेली, बांधकामांखाली गेली. म्हणून १९८१ च्या वन्यजीव कायद्यानं तिला तिथे कडक संरक्षण आहे. परवान्याशिवाय तिला पकडणं, त्रास देणं, तिची विसाव्याची जागा मोडणं हा गुन्हा आहे. घरं बांधण्याआधी न्यूट आहेत का हे तपासावं लागतं. यावर बांधकामवाले कुरकुरतात असं भाची सांगत होती. मला मात्र त्या तपासणीचा हेवा वाटला. आपल्याकडे प्लॉट साफ करायला जेसीबी येतो तेव्हा मातीत कोण झोपलंय हे विचारायची रीत नाही.

उरले स्मूथ आणि पामेट. दोन्ही दहा सेंटीमीटरच्या आतबाहेर, दोन्ही तपकिरी. फरक गळ्याशी. स्मूथचा गळा ठिपकेदार असतो. पामेटचा गळा फिकट गुलाबी, स्वच्छ, बिनठिपक्यांचा. पामेटच्या मागच्या पायाच्या वर एक फिका डाग पुष्कळदा दिसतो, पण त्याचा पूर्ण भरवसा धरता येत नाही. शेफील्ड पीक डिस्ट्रिक्टच्या माळरानाला लागून आहे, आणि पामेटला माळावरची आंबूस पाण्याची तळी मानवतात, त्यामुळे ठिकाणावरून काही ठरेना. गळा बघायचा तर न्यूटला उताणा करायला हवा होता. भाचीनं विचारलं, “पुन्हा फरशी उचलू का?” मी नको म्हटलं. हिवाळ्यासाठी साठवलेल्या ताकदीवर त्याला फेब्रुवारीपर्यंत निभवायचं असतं. आमच्या कुतूहलासाठी त्यानं ती खर्चावी असं मला वाटेना. नोंद झाली ती ‘स्मूथ किंवा पामेट’ अशी, आणि ही अर्धी नोंद मला पुऱ्या नोंदीइतकीच खरी वाटते.

आपल्या देशातल्या न्यूटचंही सांगायला हवं. दार्जिलिंगच्या डोंगरात, तळ्या-डबक्यांच्या आसपास, एक दणकट, काळपट तपकिरी, पाठीवर गाठींच्या रांगा असलेला प्राणी राहतो. त्याला हिमालयन सॅलमँडर किंवा हिमालयन न्यूट म्हणतात. सुखिया पोखरीजवळचं जोरपोखरी अभयारण्य मुख्यतः त्याच्यासाठी राखलेलं आहे आणि त्याचं क्षेत्र जेमतेम चार हेक्टर आहे. हा जीव दीर्घकाळ टायलोटोट्रायटन वेरुकोसस या नावाखाली मोडत होता. २०१५ मध्ये पूर्व नेपाळमधल्या प्राण्यांच्या अभ्यासातून टायलोटोट्रायटन हिमालयानस ही वेगळी जात मांडली गेली. तोही तसाच वागतो. पावसाळ्यात विणीसाठी पाण्यात, आणि हिवाळा आला की जमिनीवर, दगडांखाली, मुळांच्या बेचक्यात. तळं राखलं आणि काठचं गवत, दगड, ओंडके साफ केले तर त्याचं अर्धं आयुष्यच साफ होतं.

आता परत नाशिकला येते. कारण इथे न्यूट नसला तरी चूक तीच होते.

मे महिन्यात आमच्याकडे बागकामाला येणारे मामा भाजीचे वाफे खणत होते. पाऊस अजून लांब, माती वितभर खाली किंचित गार. कुदळीच्या बाजूला मातीचं एक ढेकूळ हललं. गोलमटोल, आखूड पायांचा, मातीच्याच रंगाचा बेडूक. डोळे मिटलेले.

“ताई, हा इथं कसा अडकला? हौदात टाकू का?”

तो अडकला नव्हता. तो बिळं करणाऱ्या बेडकांपैकी होता. त्यांच्या मागच्या पायाच्या तळव्याला फावड्यासारखा कडक उंचवटा असतो. त्यानं माती मागे लोटत लोटत ते उलटे खाली जातात आणि उन्हाळा मातीत काढतात. पाणी तोंडानं पीत नाहीत, पोटाखालच्या कातडीतून मातीतली ओल शोषून घेतात. पश्चिम भारतातल्या अशा एका मातीतल्या बेडकाला २०१७ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं, स्फेरोथेका पश्चिमा. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांच्या कुदळीखालून निसटत आलेला जीव, आणि विज्ञानाच्या वहीत त्याचं नाव इतक्या अलीकडचं. हौदात टाकला असता तर उभ्या सिमेंटच्या भिंतीला पाय लागले नसते, आणि पोहून पोहून थकून तो बुडाला असता. बेडूक बुडतो हे ऐकून मामा चकित झाले. मी त्यांना सांगितलं तसं त्यांनी तो बाजूच्या भुसभुशीत वाफ्यात ठेवला, वर ओलं गोणपाट टाकलं. काही वेळानं गोणपाटाखाली नुसती उकरलेली माती होती. मामा आता खणताना आधी पंज्यानं माती मोकळी करतात, मगच कुदळ घालतात. गल्लीतल्या आणखी तीन-चार बंगल्यांचं काम त्यांच्याकडे आहे, आणि तिथेही ते असंच करतात हे मला त्या घरांतून कळलं.

भेकाची गोष्ट याहून सोपी आणि याहून जास्त गैरसमजांची. त्याच्या अंगावरच्या गाठी पाहून ‘हात लावला तर चामखीळ येते’ म्हणतात. येत नाही. चामखीळ माणसाला होणाऱ्या विषाणूमुळे येते. डोळ्यांमागच्या मोठ्या ग्रंथींतून तो पांढरा स्राव सोडतो, तो कुत्र्याच्या तोंडात गेला तर कुत्रं फेस गाळतं, म्हणून हाताळल्यावर हात धुवावेत, एवढंच. त्याचं सध्याचं शास्त्रीय नाव डट्टाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस आहे. त्यातला ‘डट्टा’ भारतीय उभयचर-अभ्यासक सुशील कुमार दत्त यांच्या नावावरून आला. आपल्या अंगणातला हा ओबडधोबड जीव एका भारतीय माणसाचं नाव जगभर मिरवतो, याचा मला अभिमान आहे. तोही पाण्यात जातो तो विणीपुरता, काही रात्री. तळ्यात दोऱ्यांसारख्या लांब माळांत अंडी सोडून परत अंगणात. उरलेलं वर्ष विटांच्या ढिगाऱ्यात, पाण्याच्या मीटरच्या खड्ड्यात, कुंडीखाली. मुंग्या, वाळवी, भुंगे खात. त्याला पिशवीत घालून गंगेवर सोडलं तर दगडी घाटावर ना फट, ना ओली माती, ना पालापाचोळा.

आणि एक फोटो दर ऑगस्टमध्ये हमखास येतो. नखाएवढं बेडकाचं पिल्लू, मागे शेपटीचा लहानसा तुकडा. ‘हा कुठला प्राणी?’ तळ्या-डबक्यातून नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू ते, शेपूट अजून जिरायची आहे. नाशिकमध्ये खवले नसलेला, नखं नसलेला, चार पाय आणि शेपटीवाला जीव भेटतो तो एवढाच, आणि एवढ्याच दिवसांसाठी. त्यालाही लोक प्रेमानं परत पाण्यात टाकतात. तो तर तिथूनच निघालेला असतो.

बागेत अशा जिवांना काय हवं असतं, हे मला लोकांनी विचारावं असं फार वाटतं, पण विचारतात ते पेव्हर ब्लॉक कुठले चांगले. कोपऱ्यात पालापाचोळ्याचा ढीग राहू द्यावा, जाळू नये. दोन-तीन सपाट दगड मातीवर टेकवून ठेवावेत. सगळं अंगण फरशीनं बंद करू नये, कुंपणाच्या कडेनं हातभर माती उघडी ठेवावी. हौदाच्या आत एक तिरकी फळी किंवा ओबडधोबड दगडांची उतरण असावी, म्हणजे पडलेला जीव वर येतो. गोगलगायींसाठी विषाच्या गोळ्या टाकू नयेत. त्या गोगलगायी खाणारे मातीतच राहतात. सापसुरळीला तर काहीच करू नये. लाल शेपटीचं तिचं पिल्लू दिसलं की लोक सापाचं पिल्लू म्हणून ठेचतात. त्याला चार पाय असतात, वाकून पाहिलं तर दिसतात.

शेफील्डच्या बागेत तळं नाही, मग तो न्यूट आला कुठून, हे भाचीला स्वस्थ बसू देईना. चौकशी केल्यावर कळलं की दोन घरं सोडून एका आजोबांच्या मागच्या अंगणात जुनं तळं आहे, आणि दर वसंतात त्यात न्यूट येतात. मधल्या घराचं कुंपण हिवाळ्यानंतर नवं होणार आहे, खाली काँक्रीटच्या फळ्या बसवून. तशा फळ्या जमिनीशी घट्ट बसल्या तर फरशीखालचा जीव मार्चमध्ये तळ्यापर्यंत पोचणार नाही. भाची त्या शेजाऱ्यांकडे गेली, फोटो दाखवला, आणि दोन ठिकाणी तळाशी फट ठेवायला ते तयार झाले. आजोबांनी तिला सांगून ठेवलंय की पहिल्या उबदार, ओल्या रात्री टॉर्च घेऊन तळ्यावर ये. नर दिसला आणि त्याच्या मागच्या पायांना काळे पडदे, शेपटीच्या टोकाला दोऱ्यासारखी बारीक काडी असली तर पामेट. पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत लहरती, सलग झालर असली तर स्मूथ. मादी असली तर तिचा गळा दिसेपर्यंत काठावर बसून राहावं लागेल, आणि त्यासाठी तिनं आजोबांच्या तळ्याकाठी ठेवायला एक लहान स्टूल घेऊन ठेवलंय.